टी-शर्टामागचा माणूस

आपल्या हॉस्टेलच्या गच्चीवर रविवारी सकाळी एक चक्कर मारून बघा. टॉवेल, लुंग्या आणि महिनाभर न धुतलेल्या जीन्सच्या रांगेत एखादा तरी काळा टी-शर्ट दिसेलच, ज्याच्या छातीवर पांढऱ्या वाकड्यातिकड्या रेघा एकाखाली एक छापलेल्या असतात. सिव्हिलवाल्यांच्या मते तो डोंगराचा सर्व्हे आहे. आमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांना त्यात सिग्नल दिसतो. मेसच्या काकांना तो दवाखान्यातला कार्डिओग्राम वाटला होता. यात बरोबर उत्तराच्या सगळ्यात जवळ आमचीच ब्रांच गेली, हे मी अभिमानाने नमूद करतो!

तो खरोखरच सिग्नल आहे. १९६७ साली केंब्रिजला जोसलिन बेल नावाच्या पीएच.डी. करणाऱ्या मुलीला रेडिओ टेलिस्कोपच्या नोंदींमध्ये सारख्या अंतराने येणारा एक ठोका सापडला. दर १.३३७ सेकंदाला एक. हा जगाला कळलेला पहिला पल्सार. पुढे हॅरोल्ड क्राफ्ट या विद्यार्थ्याने आरेसिबोच्या प्रचंड अँटेनावर त्याच पल्सारचे ठोके नोंदवले आणि ऐंशी ठोके एकाखाली एक रचून १९७० च्या आपल्या प्रबंधात आलेख काढला. (आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत, तिथेही पल्सारचा अभ्यास होतो. पुढची इंडस्ट्रियल व्हिजिट तिकडे न्यावी अशी विभागप्रमुखांना नम्र विनंती.) तो आलेख खगोलशास्त्राच्या एका कोशात छापला गेला. कोशातून तो एका बँडच्या पोरांच्या नजरेला पडला आणि जून १९७९ मध्ये त्यांच्या पहिल्या अल्बमच्या कव्हरवर आला. पीटर सॅव्हिल या डिझायनरने पांढऱ्यावरच्या काळ्या रेघा उलटवून काळ्यावर पांढऱ्या केल्या. समोरच्या बाजूला ना बँडचं नाव, ना रेकॉर्डचं.

बँडचं नाव जॉय डिव्हिजन. रेकॉर्डचं नाव ‘अननोन प्लेझर्स’. सुई ठेवल्यावर पहिलं वाजतं ते गाणं ‘डिसऑर्डर’, आणि ते गाणारा इयान कर्टिस. टी-शर्ट आपल्याकडे भरपूर आहेत, या माणसाबद्दल मात्र कोणी बोलताना दिसत नाही. म्हणून हा लेख.

मी सिहोऱ्याचा. तुमसरहून बपेऱ्याकडे निघालात की रस्त्यावर लागतं ते. आमच्याकडे धानाची शेती आणि चांदपूरच्या तलावाचं पाणी. नहराला पाणी सुटलं की आपली पाळी रात्री दोनला येवो की चारला, बांधीवर कोणीतरी जागं राहावंच लागतं. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत ती ड्युटी माझ्याकडे होती. सीनियरने मोबाईलमध्ये भरून दिलेली गाणी कानात घालून मी बांधावर बसलो होतो. बेडकांचा आवाज, पाण्याचा आवाज आणि मधेच हे गाणं.

सुरुवातीला फक्त ड्रम. एकदम सुटा, कोरडा, वेगवान. त्याच्या मागून काहीतरी वाऱ्यासारखं सूं सूं करत जातं. मग बेस गिटार येते आणि इथेच पहिला धक्का बसतो. बेसने खाली राहून भिंत सांभाळायची असा नियम, पण हा बेस वर चढून चाल वाजवतो. पीटर हूकची ती पद्धत कशी पडली त्याची गोष्ट आपल्याला पटण्यासारखी आहे. त्याचा अँप्लिफायर हलका होता, बाजूला बर्नार्ड सम्नरची गिटार जोरात, त्यामुळे खालचे सूर वाजवले तर स्वतःलाच ऐकू यायचे नाहीत. म्हणून तो वरचे सूर वाजवायला लागला. म्हणजे इक्विपमेंटच्या अडचणीतून स्टाईल निघाली! मग गिटार, आणि शेवटी आवाज. जाड, खोल, वयापेक्षा खूप मोठा वाटणारा. गाणारा तेव्हा फक्त बावीस वर्षांचा होता, यावर माझा कितीतरी दिवस विश्वास बसला नाही.

आमच्या झाडीपट्टीत मंडईच्या दिवसांत दंडार, खडीगंमत, नाटक होतं. काहीही असलं तरी आधी गण. गणाशिवाय पुढे सरकायचं नाही. गणात देवाला बोलावतात, सगळ्यांना माहीत असतं कोणाला बोलावतोय, त्यामुळे ऐकणारा निवांत असतो. ‘डिसऑर्डर’ पण मला तसंच सुरुवातीचं बोलावणं वाटतं. फरक इतकाच, की बोलावतोय कोणाला ते त्या गाणाऱ्यालाच माहीत नाही. सुरुवातीला तो शांतपणे, जवळजवळ ऑफिसातल्या माणसासारखा बोलतो. पण गाणं पुढे जातं तसा आवाज चढत जातो, ड्रम आणि गिटार त्याच्या अंगावर येतात, आणि शेवटी त्याच्याकडे एकच शब्द उरतो. भावना या अर्थाचा तो शब्द तो पुन्हा पुन्हा टाकतो, जणू हरवलेल्या वस्तूचं नाव घेऊन अंधारात चाचपडतोय. साडेतीन मिनिटांत खेळ खलास. आणि गंमत म्हणजे यावर तुम्ही नाचू शकता. लोक नाचलेच.

आता माणसाबद्दल.

इयानचा जन्म १५ जुलै १९५६ चा, मँचेस्टरच्या स्ट्रेटफर्ड भागातला. वाढला तो दक्षिणेच्या मॅकल्सफील्ड गावात. हे गाव रेशमाच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध होतं. (आपल्या भंडाऱ्याचा कोसा आठवला ना? मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावचे विणकर आठवले ना? मलाही आठवले.) पोरगा हुशार, स्कॉलरशिपवर किंग्ज स्कूलमध्ये गेला. पुस्तकं, कविता आणि डेव्हिड बोवीच्या रेकॉर्ड्स यात बुडालेला. अभ्यासात पुढे काही मन लागलं नाही. १९७५ च्या ऑगस्टमध्ये एकोणिसाव्या वर्षी डेबोरा नावाच्या मुलीशी लग्न. आधी रेकॉर्डच्या दुकानात काम, मग सरकारी नोकरी. एकूण काय, आपल्या वयाचं पोर, डोक्यावर संसार, आणि डोक्यात वेगळंच काहीतरी.

१९७६ च्या ४ जूनला मँचेस्टरच्या एका छोट्या हॉलमध्ये लंडनच्या सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा कार्यक्रम झाला. प्रेक्षक मोजके. पण त्या मोजक्यांत सम्नर आणि हूक हे दोन शाळामित्र होते. वाजवायला फार काही यावं लागत नाही, स्टेजवर चढायची हिंमत लागते, एवढं त्यांना त्या रात्री समजलं आणि हूकने दुसऱ्याच दिवशी बेस गिटार विकत घेतली. जुलैमध्ये तोच बँड परत आला तेव्हा इयानही तिथे होता. पुढे यांना गायक हवा होता, तो यांच्यात आला. ड्रमवर स्टीफन मॉरिस आला, तोही मॅकल्सफील्डचाच. बँडचं नाव आधी वॉर्सा होतं, १९७८ च्या सुरुवातीला जॉय डिव्हिजन झालं. हे दुसरं नाव नाझी छळछावण्यांवरच्या एका कादंबरीतून उचललेलं होतं आणि त्यावरून त्यांना भरपूर बोलणी बसली. माझ्या मते बरोबरच बसली. विशीतल्या पोरांना धक्का द्यायची हौस असते, पण कशावरून धक्का द्यायचा त्याला काही मर्यादा हवी.

पंक म्हणजे आरडाओरडा, तीन कॉर्ड, व्यवस्थेला शिव्या. दोन वर्षांत ते ओरडून झालं. त्यानंतर जी पोरं आली त्यांनी विचारलं की बाहेर ओरडून झालं, आता आतलं काय करायचं? त्यांच्या संगीताला पोस्ट-पंक म्हणतात आणि ‘अननोन प्लेझर्स’ हा त्या प्रकारातला अगदी सुरुवातीचा आणि मोठा अल्बम. एप्रिल १९७९ मध्ये स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत तो थोड्याच दिवसांत रेकॉर्ड झाला. काढला टोनी विल्सन आणि मंडळींच्या नव्याकोऱ्या फॅक्टरी रेकॉर्ड्सने. पहिल्या खेपेला दहा हजार प्रती छापल्या.

प्रोड्यूसर मार्टिन हॅनेट हा तर आपल्या लॅब असिस्टंटने बघताक्षणी बाहेर काढावा असा माणूस. त्याला डिजिटल डिलेचं वेड होतं. म्हणजे आवाज घ्यायचा, त्याचे नमुने मेमरीत साठवायचे आणि काही मिलिसेकंदांनी परत सोडायचे. आज तुमच्या मोबाईलमधलं फुकटचं अॅप हे करतं, तेव्हा ते अगदी नवं आणि महाग यंत्र होतं. ड्रमवर तो इतका सूक्ष्म विलंब टाकायचा की ठोका एका रिकाम्या मोठ्या गोदामात वाजतोय असं वाटावं. ड्रमचे आवाज एकमेकांत मिसळू नयेत म्हणून बिचाऱ्या मॉरिसला तो एकेक ड्रम वेगवेगळा वाजवायला लावायचा. एका गाण्यात लिफ्टचा आवाज आहे, एका गाण्यात काचा फुटतात. सम्नर आणि हूकला हा प्रकार अजिबात आवडला नव्हता. स्टेजवर ते दणदणीत वाजवायचे आणि रेकॉर्डमध्ये त्यांचा आवाज थंडगार, लांबून आल्यासारखा झाला होता. कोण बरोबर? मी हॅनेटच्या बाजूने आहे. ‘डिसऑर्डर’मध्ये चारही जण एकाच खोलीत आहेत आणि तरी एकमेकांपासून कोसभर लांब आहेत, हे त्यानेच ऐकवलं.

आणि त्या खोलीत खरंच काय चाललं होतं, ते कळल्यावर गाणं वेगळं ऐकू येतं.

इयानची नोकरी मॅकल्सफील्डच्या रोजगार कार्यालयात होती. अपंग आणि आजारी लोकांना काम मिळवून द्यायचं, हा त्याचा विभाग. काम तो मनापासून करायचा. तिथे येणाऱ्यांत एक तरुण मुलगी होती, तिला फिट्स यायच्या. नोकरी मिळणं कठीण, मिळाली तर टिकणं कठीण. मग ती यायची बंद झाली. तिला कुठे काम लागलं असेल असं त्याला वाटलं, पण नंतर कळलं की फिटमध्येच ती गेली. त्याच अल्बममधलं ‘शीज लॉस्ट कंट्रोल’ हे गाणं तिच्यावरून सुचलेलं आहे.

१९७८ च्या डिसेंबरमध्ये, २७ तारखेला, लंडनमधला पहिला कार्यक्रम आटोपून बँड गाडीने परत येत होता आणि गाडीतच इयानला मोठी फिट आली. जानेवारीत निदान झालं, एपिलेप्सी. फाइलच्या या बाजूला बसणारा माणूस एका महिन्यात त्या बाजूला गेला. ‘डिसऑर्डर’ रेकॉर्ड झालं ते त्यानंतर तीन महिन्यांनी, आणि त्याच एप्रिलमध्ये त्याला मुलगी झाली. शीर्षकाचा अर्थ डॉक्टरी घ्यायचा की साधा, हे त्याने सांगून ठेवलेलं नाही. मी जबरदस्तीने एकच अर्थ चिकटवणार नाही. पण ज्याचं शरीर कधी आपलं ऐकेल आणि कधी ऐकणार नाही याचा भरवसा गेलाय, त्याने हे गाणं गाताना काय काय आत ओतलं असेल, याचा अंदाज मला येतो.

तो येण्याचं कारण घरातलं आहे. माझ्या चुलतभावाला, आमच्या दादाला, अकरावीत असताना पहिली मिरगी आली. गावात जे होतं ते सगळं झालं. कोणी चप्पल हुंगवली, कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी बाहेरचं आहे म्हणाला. आयटीआय करून तो एका कारखान्यात लागला, तिथे रात्रपाळीत फिट आली आणि आठवडाभरात उद्यापासून येऊ नको असा निरोप मिळाला. त्याला आजारापेक्षा त्या निरोपाचा मार जास्त बसला. तो लग्नकार्याला यायचा बंद झाला. गोळ्या तो वहीच्या कव्हरमध्ये लपवून ठेवायचा. आपल्याकडे १९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यातसुद्धा वेडाच्या झटक्यांच्या शेजारी मिरगीचे झटके लिहिलेले होते, तिथे गावाला काय दोष द्यायचा! शेवटी नागपूरच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे नीट उपचार झाले आणि आता चार वर्षं त्याला फिट आलेली नाही. गावातच मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलंय, बरं चालतं. योग्य औषधं वेळेवर घेतली तर दहापैकी सात जणांच्या फिट्स थांबू शकतात. हे मला दादामुळे माहीत झालं, नाहीतर मीही कांदाच शोधला असता.

इयानच्या वेळी औषधं होती, पण आजच्याइतकी चांगली नव्हती. गुंगी आणायची, मन उदास करायची. डॉक्टर सांगायचे वेळेवर झोप, दारू नको, लखलखत्या दिव्यांपासून लांब राहा. आणि याचा व्यवसाय काय? रात्रीचे कार्यक्रम, गाडीत झोप, समोर लखलखते दिवे. त्यात १९७९ च्या शेवटी नोकरीही सुटलेली, घरात संसार मोडकळीला आलेला आणि मनात दुसऱ्या एका नात्याची ओढाताण.

स्टेजवर तो एक विचित्र नाच करायचा. हात कोपरातून जोरजोरात फिरवायचे, डोळे कुठेतरी लांब लागलेले. लोक तो नाच बघायला यायचे. तो फिटसारखा दिसायचा आणि कधीकधी नाचता नाचता खरीच फिट यायची. प्रेक्षकांना फरक कळायचा नाही, ते टाळ्या वाजवायचे. मित्र त्याला उचलून आत न्यायचे. हा प्रसंग वाचताना मी दरवेळी थांबतो. भर गर्दीत, उजेडात, शंभर लोकांसमोर माणूस कोसळतोय आणि सगळ्यांना वाटतंय की हा कार्यक्रमाचाच भाग आहे.

(हॉस्टेलसाठी एक कामाची गोष्ट, प्रूफ तपासणाऱ्याने कृपया कापू नये. कोणाला फिट आली तर तोंडात चमचा, बोट, चप्पल काहीही घालू नका. धरून ठेवू नका. आजूबाजूच्या टणक वस्तू हटवा, झटके ओसरले की कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर सरळ दवाखाना. शुद्धीवर आल्यावर भोवती चाळीस पोरांची गर्दी नको, एक मित्र पुरे.)

१९८० चा एप्रिल फार वाईट गेला. लंडनच्या एका मोठ्या थिएटरात दिव्यांच्या लखलखाटात तो ड्रमवरच कोसळला, आणि त्याच रात्री दुसरीकडे परत गायला. त्यानंतर तीन दिवसांनी त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला. वाचला. आणि दुसऱ्याच दिवशी बरी नावाच्या गावात ठरलेला कार्यक्रम रद्द झाला नाही! त्याला तिथे नेलं गेलं. तो एकदोन गाणी गायला, बाकीची दुसऱ्यांनी गायली, प्रेक्षक चिडले, बाटल्या उडाल्या. त्या सगळ्या माणसांना दुष्ट म्हणणं सोपं आहे, पण ते दुष्ट नव्हते. तेही तरुणच होते, पुढे अमेरिकेचा दौरा होता आणि इयान विचारलं की बरा आहे म्हणायचा. त्याच्या गाण्यांच्या शब्दांकडे आपण कधी लक्षच दिलं नाही, हे त्या मित्रांनी नंतर स्वतः अनेकदा सांगितलं आहे. त्यांना वाटायचं हा पुस्तकं वाचतो, त्यातलं लिहितो. ‘डिसऑर्डर’ रोज वाजवायचे, शेवटी तो एकच शब्द पुन्हा पुन्हा ओरडायचा, आणि ते आपापल्या गिटारीचा सूर सांभाळायचे. सबमिशनच्या आठवड्यात आपण तरी रूम पार्टनरचं किती ऐकतो?

२ मे १९८० ला बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या एका हॉलमध्ये त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला. प्रेक्षक बहुतेक विद्यार्थी. १८ मे च्या पहाटे, दौऱ्यावर निघायच्या आदल्या दिवशी, इयानने मॅकल्सफील्डच्या राहत्या घरी आयुष्य संपवलं. वय तेवीस. मुलगी एक वर्षाची.

त्याच्यानंतर दुसरा अल्बम ‘क्लोजर’ आला. ‘लव्ह विल टेअर अस अपार्ट’ हे गाणं ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चढलं, ते बघायला तो नव्हता. मेलेल्या गायकाभोवती लोक जे तेजोवलय तयार करतात, ते त्याच्याभोवतीही तयार झालं आणि मला त्याचा मनस्वी राग आहे. त्याच्या दुःखामुळे गाणी मोठी झाली असं लिहिणारे लिहितात. ‘डिसऑर्डर’ मोठं आहे ते चौघांच्या आणि हॅनेटच्या कामामुळे, इयानच्या शब्दांमुळे आणि गळ्यामुळे. आजाराने त्यात काही भर घातली नाही. आजाराने फक्त पुढची चाळीस वर्षं काढून घेतली. डेबोराने १९९५ मध्ये त्याच्यावर पुस्तक लिहिलं, त्यात तो देवही नाही आणि राक्षसही नाही, बायकोला त्रास देणारा आणि स्वतः त्रासलेला एक तरुण माणूस आहे. त्यावरून २००७ मध्ये ‘कंट्रोल’ नावाचा कृष्णधवल चित्रपट निघाला. मिळाला तर बघा, पण एकट्याने बघू नका.

उरलेल्या तिघांनी जॉय डिव्हिजन हे नाव सोडलं आणि न्यू ऑर्डर या नावाने नवा बँड काढला. १९८३ चं त्यांचं ‘ब्लू मंडे’ जगभर वाजलं. जुनी गाणी ते बरीच वर्षं फारशी वाजवत नव्हते. नंतर हूक त्यांच्यातून बाहेर पडला आणि १८ मे २०१० ला, इयान जाऊन बरोबर तीस वर्षं झाली त्या दिवशी, मँचेस्टरमध्ये त्याने ‘अननोन प्लेझर्स’ अख्खा अल्बम स्टेजवर सादर केला. ‘डिसऑर्डर’चे शब्द त्या रात्री माइकसमोर उभं राहून हूकने स्वतः म्हटले.